पुण्यात खरं कोल्हापुरी जेवण का मिळत नाही?

प्रश्न: मूळचा कोल्हापूरचा, सध्या पुण्यात. इथं हॉटेलात कोल्हापुरी म्हणून जे येतं ते नुसतं लालभडक नि जळजळीत. घरचा तांबडा रस्सा कितीबी तिखट असू दे, पोटाला त्रास नाही. असं का?

उत्तर १: अहो, ग्रेव्ही सगळ्याला एकच असते, कांदा-टोमॅटोची, ऑर्डर आली की त्यात तिखट आणि तेल ढकललं की झालं कोल्हापुरी. आपल्याकडं मटण आधी हळद-मीठ लावून शिजवतात आणि त्या बिनमसाल्याच्या पाण्यावरच, म्हणजे अळणीवरच, तांबडा नि पांढरा दोन्ही रस्से होतात, ते पाणीच नसेल तर चव कुठनं येणार?

उत्तर २: आणि मसाला! उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला कांदा-लसूण मसाला, रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी मिरची, सुकं खोबरं, तीळ, धने सगळं भाजून. पांढऱ्यात नारळाचं दूध आणि खसखस पाहिजेच, मैदा लावून घट्ट केलेला मला चालत नाही.

उत्तर ३: सगळ्यांना एका मापात नका मोजू. घरगुती खानावळ शोधा, जिथं मेनू छोटा आणि मटण रोजचं रोज संपतं. व्हेज कोल्हापुरी मात्र मागवू नका, त्यापेक्षा घरी अख्खा मसूर करा.