डाग आणि नागपूरचं ऊन

भाऊ, नागपूरचं ऊन सूर्यावरचे डाग वाढल्यामुळे वाढलं, हे तुमचं म्हणणं पटत नाही. डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात, पण त्या चक्रात सूर्याची ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. शिवाय २०१५ साली डागांच्या जुन्या नोंदी नव्याने जुळवल्या, तेव्हा विसाव्या शतकातली तथाकथित 'असामान्य' वाढ बरीच फिकी पडली. १६४५ ते १७१५ या काळात मात्र डाग खरंच जवळजवळ नव्हते. कुणी बघतच नव्हतं असं नाही, पॅरिसला तेव्हाही नियमित निरीक्षणं चालू होती. मी गच्चीवर दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्याची वीतभर प्रतिमा पाडतो आणि पेन्सिलीने डाग टिपतो. मोहरीएवढा ठिपका, पण आकाराने पृथ्वीएवढा! चारशे वर्षं माणसं हेच करत आली आहेत, म्हणून त्या नोंदींचा असा ओढूनताणून वापर झालेला बघवत नाही.