गरवण स्पर्धा : पाच म्हणजे नेमके किती? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी (सी-104): रेवदंडा सहलीचे फोटो ड्राइव्हवर टाकले आहेत. गरवण स्पर्धेचा (गळाने धरलेल्या माशांच्या वजनावर) निकाल : पहिला सुजय (बी-601), दुसरे म्हात्रे काका (ए-002), तिसऱ्या नीलिमा वहिनी (सी-303). सर्वांचे अभिनंदन. बसचे पैसे ज्यांचे राहिलेत त्यांनी आज जीपे करावेत. नावं टाकत नाही, अजून तरी.

पाटकर (ए-203): सुजय एक नंबर! शेवटचा तो तांबोशी मासा कसला होता राव

सुजय (बी-601): थँक्यू थँक्यू 🙏 कोरलईच्या बाजूच्या खडकात जिवंत कोलंबी लावली, पहिल्याच झटक्याला बसली

म्हात्रे काका (ए-002): अभिनंदन सुजय. एक विचारतो, राग मानू नको. जेवायच्या आधीच तुझे पाच झाले होते, तुझ्या आइसबॉक्सवर मीच बसलो होतो. मग ही मोठी कितवी?

सुजय: पाचवीच काका. एक बारकी होती ती सोडली ना मी परत

म्हात्रे काका: सोडलीस की टाकलीस?

सुजय: पाण्यातच सोडली, कचऱ्यात नाही टाकली 😅

म्हात्रे काका: अरे बर्फात ठेवलेली तांबोशी काय पोहत जाणार आहे? खडकाच्या खालच्या अंगाला तरंगत होती. ओठाला गरीची भेग, कल्ले पांढरे फटक पडलेले. मी वाकून उचलणार तेवढ्यात घारीने नेली. म्हणून विचारलं.

पाटकर: म्हणजे घारीला पण बक्षीस द्या

सुजय: काका, नियम काय आहे? "वजनाच्या वेळी प्रत्येकी जास्तीत जास्त 5 मासे." माझ्याकडे वजनाच्या वेळी पाचच होते. मोजा फोटोत.

सेक्रेटरी: नियम तसाच आहे हे खरं. गेल्या वर्षीचाच मेसेज मी पुढे ढकलला होता.

नीलिमा वहिनी (सी-303): आता विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. सुजयच्या ओमच्या नावावरही पाच मासे लागलेत. ओम पूर्ण वेळ आमच्या मीराबरोबर वाळूत किल्ला करत होता. रॉडला त्याने हात लावलेला मी तरी बघितला नाही.

सुजय: वहिनी लहान मुलांचं कशाला काढता. त्याची एंट्री फी भरली होती. बाप आणि मुलगा मिळून गरवतात सगळीकडे.

नीलिमा वहिनी: मुलाचं काढतच नाहीये, वडिलांचं काढतेय 🙂

वॉचमन केबिन: पाण्याचा टँकर 11 वाजता येणार. गेटसमोरची पांढरी गाडी काढावी.

पाटकर: हे बघा सुजयच्या बाजूने एक गोष्ट. 2022 साली अमेरिकेत क्लीव्हलंडला लेक ईरीवर स्पर्धा झाली. पाच माशांची मर्यादा. जिंकलेल्या दोघांच्या माशांचं वजन आकाराच्या मानाने फारच भरलं, आयोजकाने मासा तिथेच फाडला तर पोटातून शिशाचे गोळे निघाले. वर दुसऱ्या माशाच्या मांसाचे तुकडे कोंबलेले. पुढच्या वर्षी दोघांनी गुन्हा कबूल केला, 10 दिवस तुरुंग झाला, बोट गेली. त्यापुढे आपला सुजय संत आहे.

सुजय: माझ्या माशात शिसं नव्हतं!! हे काय कम्पॅरिझन आहे

पाटकर: अरे बाजूनेच बोलतोय तुझ्या

म्हात्रे काका: पाटकर, तो चोरीचा मामला होता, कुणालाही कळतो. हा वेगळा आहे. सुजयने खोटं काही केलं नाही, सगळ्यांदेखत केलं. म्हणूनच बोलायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी बाकीचेही तेच करतील. पाच भरले की बारका काढायचा, मोठा घालायचा, परत बारका काढायचा. संध्याकाळी बॉक्समध्ये पाच आणि खडकाखाली दहा. आकडा बॉक्समध्ये किती आहेत याचा नाही रे, किती मारलेस याचा आहे.

आता मर्यादा आली कुठून ते नवीन लोकांना ठाऊक नसेल. पहिल्या खेपेला मर्यादा नव्हती. पोतंभर मासे, शिंगाळा आणि बोय, आले इथे पनवेलला. कोण साफ करणार? ए विंगमध्ये दोन घरं सोडली तर शिंगाळा खाणारं कोणी नाही. निम्मा माल मांजरांना गेला, उरलेला लिफ्टमध्ये वास मारत होता. तेव्हा ठरलं की एका घरात एका वेळेला शिजेल एवढंच आणायचं. पाच हा आकडा तिथून आला. वजन करायचं म्हणून आलेला नाही.

दुसरी गोष्ट. आपण ज्या खडकावर उभे होतो तिथे रोज पोटासाठी गरवणारा एक माणूस येतो. त्याने आपली गर्दी बघितली, काही बोलला नाही, दोरा गुंडाळून पलीकडे गेला. त्याला भरतीचे तीन-चार तास मिळतात दिवसात. आपण हौशी. त्याच्या जागेवर उभं राहून मेलेला मासा परत पाण्यात टाकायचा हे मला बघवलं नाही.

(टायपिंग मुलीकडून करून घेतलंय, चुका तिच्या.)

सुजय: काका तुमचा मान ठेवून बोलतो. बाहेर एलईडी दिव्यांनी मासे ओढून बोटी एका रात्रीत जे उपसतात ते बघा. 2017 ला केंद्राने बंदी घातली तरी दिवे दिसतातच की समुद्रात. त्यांना कोणी विचारत नाही आणि माझ्या एका तांबोशीवर सकाळपासून पंचनामा.

म्हात्रे काका: त्यांच्याविरुद्धच्या निवेदनावर तुझी सही आहे. मीच घेतली होती दारात येऊन.

सुजय: हो मग, आहेच

कदम सर (बी-101): दोघांचंही वाचलं. सुजय म्हणतो ते प्रमाणाच्या दृष्टीने चूक नाही. आपल्या वीस-पंचवीस गऱ्यांनी रेवदंड्याची कुंडलिकेची खाडी रिकामी होणार नाही. पण बोटवाला निदान माल विकतो, कोणीतरी खातं. त्या तांबोशीचं तसंही काही झालं नाही.

मला जास्त खटकतो तो वजनाचा नियम. जिताड्याचंच घ्या. हा मासा बहुतेक वेळा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर, साधारण तीन फुटांच्या आसपास, मादी होतो. म्हणजे खाडीतले थोराड जिताडे सगळे आया. गोबऱ्याचं बरोबर उलटं, आधी मादी, थोर झाला की नर. आपण "सर्वात जड" ला ट्रॉफी देतो तेव्हा जिताड्यातल्या आया आणि गोबऱ्यातले बाप वेचून काढा असं सांगत असतो. वरून पाचाची मर्यादा घातली की लहान फेकून मोठा ठेवायचा मोह होणारच. सुजय काय, कोणीही केलं असतं.

पाटकर: सर हे शाळेत शिकवलं असतंत तर सायन्समध्ये पास झालो असतो

गौरी (बी-402, ब्रिस्बेन): मी मालकीण बोलतेय, भाडेकरू नाही 😀 इकडे ऑस्ट्रेलियात जिताड्याला बारामुंडी म्हणतात. क्वीन्सलँडमध्ये 58 सेंमीच्या आतला ठेवायचा नाही आणि 120 च्या वरचाही नाही. कदम सर म्हणतात त्या आया वाचाव्यात म्हणून वरची मर्यादा. पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी विणीच्या दिवसांत धरायचाच नाही. आणि माणशी 5 ही मर्यादा "आज किती धरले" अशी नाहीये, "तुझ्या ताब्यात किती आहेत" अशी आहे. घरच्या फ्रीजरमध्ये तीन पडलेले असतील तर आज दोनच. आमच्या ह्यांना पहिल्यांदा कळलं तेव्हा फ्रीजर उघडून मोजत बसले होते.

सुजय: बघा! ताब्यात किती! मी तेच म्हणतोय, माझ्या ताब्यात पाचच होते

गौरी: हो पण इथे बदलायचा असेल तर आधीचा जिवंत पोहून जायला हवा. मेलेला फेकून आकडा जुळवला तर लोक तोंडावर बोलतात. इन्स्पेक्टर यायची वाट बघत नाहीत.

सेक्रेटरी: आपल्याकडे सरकारचा आकडा आहे का काही? कोणाला माहीत असेल तर टाका, पुढच्या नियमात घालू.

कदम सर: आकाराचा आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट 135 मिलिमीटरच्या आत असेल तर धरायचं नाही. त्याच वर्षी पापलेट राज्य मासा झाला.

म्हात्रे काका: सर, पापलेट गरीला कोण लावतो 😄 ते जाळ्याचं काम. आपल्यासाठी जून-जुलै महत्त्वाचे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. आपण काठावरून गरवणारे, आपल्याला ते लागू नाही असं म्हणून पावसाळी सहल काढायची टूम निघाली होती मागे, मी मोडता घातला. कोळी घरात बसलेला असताना आपण त्याच्या खाडीत गळ टाकून फोटो काढायचे? नको.

नीलिमा वहिनी: मोडता घातला आणि मग सगळ्यांना माळशेजला धबधब्याला नेलं, तिथे चार तास ट्रॅफिकमध्ये 😑

कदम सर: महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचं ठिकाण. डोहात मोठाले खडस मासे हाताजवळ येतात, लोक खायला घालतात. कोणी गरी टाकत नाही. तिथे मर्यादा शून्य आहे आणि वजनकाटाही नाही.

सुजय: सर तिथे देवीची भीती आहे. आपल्या स्पर्धेत कोणाची भीती ठेवायची, काकांची?

पाटकर: चालेल की 😂

सुजय: बरं सिरियसली. माझं म्हणणं एवढंच, फ्रेंडली मॅच आहे. मजेसाठी गेलो होतो. एवढं काटेकोर करायचं असेल तर मग पंच ठेवा, दर अर्ध्या तासाला मोजा.

म्हात्रे काका: उलट आहे बाबा. पैशाच्या स्पर्धेत पंच असतो, मासा फाडून बघतो, पाटकरने सांगितलंच. आपल्याकडे कोणी नाही. तू त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये अर्धा किलोमीटर खडक. तू पाच म्हणालास की मी पाच धरतो, दुसरं काय आहे माझ्याकडे? फ्रेंडली म्हणून सैल सोडायचं असेल तर लपवाछपवीही सैलच होणार. आणि ओमचं नाव घालून दहा करायचे असतील तर माझी नात येईल, सुनेचं नाव घालीन, मी एकटा वीस धरीन. जमतं मला अजून.

नीलिमा वहिनी: काका वीस 😂 पण मुद्दा बरोबर. माझा प्रस्ताव : (१) ज्याच्या हातात रॉड त्याचाच मासा. मुलांना गरवायचं असेल तर त्यांनी स्वतः ओढायचा, गरी काढायला आईबापांनी मदत केली तर चालेल. (२) बर्फात गेला तो मोजला गेला. बदली नाही. पाच झाले की रॉड गुंडाळायचा किंवा लगेच सोडायचं, आणि सोडताना हात ओले करून, कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा नंतर मरतो. कल्ल्यात बोट घालून सेल्फी नको. (३) ट्रॉफी वजनावर नको.

पाटकर: मग कशावर?

गौरी: लांबीची पट्टी न्या. पट्टीवर ठेवून फोटो काढायचा, सोडायचा. इकडे बऱ्याच स्पर्धा तशाच होतात.

पाटकर: सगळेच सोडले तर रात्री खायचं काय? मी त्या तळलेल्या तुकड्यासाठी येतो, गरवायला नाही

म्हात्रे काका: ठेवायचे की पाच. खायला ठेवायचे ते ठेवायचे, ट्रॉफी पट्टीवरच्या फोटोला द्यायची. दोन्ही वेगळं केलं की मोठा मासा मारायचं कारणच राहत नाही.

सेक्रेटरी: ओके. यंदाची ट्रॉफी परत घ्यायची का? मत द्या, पण लिहिलेल्या नियमाप्रमाणे सुजय बरोबर बसतो असं माझं मत.

म्हात्रे काका: ट्रॉफी त्याचीच. नियमात नव्हतं ते मागून लावायचं नाही. पुढच्या वर्षीचा नियम मात्र सुजयनेच लिहावा. पळवाटा त्याला जास्त दिसतात.

सुजय: लिहितो काका. पण एक, बदली नाही म्हणजे मग चार झाल्यावर बारकी लागली तर ती जिवंत असतानाच ठरवायचं, ठेवायची की सोडायची?

म्हात्रे काका: तेव्हाच ठरवायचं. गरी काढता काढता.

सुजय: आणि गरी घशात गेली असेल, सोडून उपयोगच नसेल तर?

म्हात्रे काका: मग ती पाचवी. बारकी असली तरी तीच.

सुजय: हे लिहून ठेवतो. सेक्रेटरी साहेब, पट्टीचा खर्च क्रीडा फंडातून धरा. आणि पांढरी गाडी माझी आहे, आलो खाली.