मदत हवी आहे: डोंगरावरच्या गडनगरीत पाणी कुठून आणू?

मंडळी, लेकीसाठी फँटसी गोष्ट लिहितोय, त्यात डोंगरमाथ्यावर जांभ्याच्या कातळात तटबंदीचं शहर आहे, वस्ती वीसेक हजार. दरवाजा रायगडच्या महादरवाजासारखा दोन बुरुजांच्या कुशीत लपवलाय म्हणजे शत्रूला सरळ धाव घ्यायला जागाच नाही, ते मस्त जमलं. घोडं अडलंय पाण्यावर! जांभा म्हणजे चाळणी, आमच्याच सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) पावसात घोटाभर पाणी आणि मे महिन्यात विहिरीच्या तळाला कळशी खडखडते. सिंधुदुर्गात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत, पण एवढ्या वस्तीला विहिरी-टाकी पुरतील? वेढा आठ महिने चालणारे. जादूने पाणी काढलं तर चीटिंग, असं लेकीने आधीच बजावलंय. तलावाची गळती कशी थांबवू, चुना की चिकणमाती? जाणकारांनी प्लीज सांगा.