मदत हवी आहे: आऊट्रम साहेबाचा हुद्दा नक्की काय? (अर्जंट)

केळीचंपान: मंडळी, उद्या दुपारी मजकूर प्रेसला द्यायचाय आणि मी एका ओळीवर अडकलोय. आऊट्रमच्या नावामागे काय लावू? एका पुस्तकात लेफ्टनंट, दुसऱ्यात कॅप्टन, तिसऱ्यात डायरेक्ट जनरल सर. माणसं तीन आहेत की एकच? प्लीज लिंका देऊ नका, सरळ उत्तर द्या.

जुनीपानं: कुठला आऊट्रम? कोणत्या सालचा? कोलकात्यात आऊट्रम घाट आहे, सिंगापूरला आऊट्रम रोड आहे.

केळीचंपान: अहो आपला धरणगावचा! भिल्ल पलटणवाला. अजून कोण असणार?

गडवेडा: हे आधी लिहायचं ना भाऊ. जेम्स आऊट्रम. सगळे एकच. 1819 ला सोळा वर्षांचा पोरगा कॅडेट म्हणून मुंबईला उतरला, 1825 ला खानदेशात आला. आधी डोंगरात घुसून मारामारी केली, मग त्याच भिल्लांबरोबर शिकारी करत, त्यांच्यातच राहून त्यातलीच माणसं पलटणीत भरती केली. पण खरा आऊट्रम बघायचा तर 1844 चा बघा, कोल्हापूर-सावंतवाडीकडे गडकऱ्यांचा (किल्ल्यांवरच्या शिबंदीचा) उठाव झाला तेव्हा हा तिकडे होता. मनोहर-मनसंतोष गडाला जाऊन या एकदा, पावसाळा सोडून.

केळीचंपान: गड नकोय हो, हुद्दा हवाय.

तोफखाना: पैसे भरून बढती घेतली असणार. इंग्रजांच्या फौजेत कमिशन विकत मिळायचं.

जुनीपानं: ते राणीच्या पलटणीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत पैशाने नाही, सिनियॉरिटीने बढती मिळायची, वरचा मेला किंवा निघून गेला की खालचा सरकणार. म्हणून माणूस पोलिटिकल एजंट म्हणून अख्खा जिल्हा हाकायचा आणि पलटणीच्या यादीत लेफ्टनंटच राहायचा. मेजर तो 1839 ला झाला, अफगाण स्वारीनंतर.

तोफखाना: मी वाचलंय तसं लिहिलं, ओरडताय कशाला.

बडोदेकरीण: बडोद्याचं कोणीच बोललं नाही? साताऱ्याहून 1847 ला रेसिडेंट (संस्थानातला कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून आमच्याकडे आला आणि रेसिडेन्सीतली लाचखोरी बाहेर काढली. या प्रकाराला आपल्याकडचा शब्द होता 'खटपट', तोच इंग्रजांनी कागदोपत्री जसाच्या तसा उचलला! मुंबई सरकारला रिपोर्ट झोंबला आणि खटपट करणारे राहिले बाजूला, ह्यालाच हलवलं. आमच्या ऑफिसात अजून हेच चालतं, पण ते सोडा.

साधामाणूस: साहेबाचं कौतुक आवरा जरा. 1856 ला अवध खालसा करायचा तह घेऊन वाजिद अली शाहपुढे हाच उभा होता. नवाबाने सही केली नाही, डोक्यावरची पगडी काढून ह्याच्या हातात दिली. ते लिहा.

गडवेडा: आणि पुढच्याच वर्षी लखनौवर चाल करताना स्वतः सिनियर असून कमांड जनरल हॅवलॉककडे ठेवली, स्वतः व्हॉलंटियर म्हणून लढला. तेही लिहा मग.

साधामाणूस: अवध गिळून झाल्यावर व्हॉलंटियर व्हायला काय जातंय.

अजिंठाप्रेमी: अजिंठ्याची लेणी 1819 ला कॅप्टन जॉन स्मिथला दिसली, शिकारीला गेला होता. त्याची सही अजून 10 नंबरच्या लेण्यात आहे. आऊट्रम नाही.

केळीचंपान: मी अजिंठा कधी विचारलं???

जुनीपानं: केळीचंपान, ओळ नेमकी कशासाठी हवीय ते सांगाल का? पुस्तकाचं नाव, फोटो, काय?

केळीचंपान: फोटोच्या खाली टाकायची आहे. आमच्याकडे पलटणीचं जुनं चित्र आहे, बाजूला साहेब उभा, खाली साल 1826.

जुनीपानं: मग एवढ्यासाठी तीस कमेंटी! 1826 ला तो लेफ्टनंट जेम्स आऊट्रम. 'सर' आणि 'जनरल' फार नंतरचं, ते लावलंत तर धरणगावची शाळकरी पोरंसुद्धा हसतील.

केळीचंपान: थँक्यू. लेफ्टनंटच्या जागी 'ले.' टाकू की पूर्ण लिहू? जागा कमी आहे.

तोफखाना: कोणता आऊट्रम आहे पण हा?