पेटीवर ‘नाशवंत’ छापायचं की ‘क्षणभंगुर’?

प्रश्न (तासगाव): द्राक्षाच्या ४ किलोच्या पेटीवर एक ओळ छापायची आहे. माल टिकत नाही, लवकर उतरवून घ्या, एवढंच सांगायचंय. छापखान्यातून ‘क्षणभंगुर माल’ असा मजकूर आलाय, कानाला खटकतोय. ‘नाशवंत’च बरोबर ना? बेदाण्याच्या बॉक्सवरही तोच चालेल का?

उत्तर (सातारा): दादा, नाशवंतच छापा. क्षणभंगुर आयुष्य असतं, सुख असतं. मालाला तो शब्द कुणी लावत नाही. ‘नाशवंत’ मात्र दोन्हीकडे चालतो: कीर्तनात नाशवंत देह, मार्केट यार्डात नाशवंत माल. लिंग-वचनाप्रमाणे रूपही बदलत नाही. नाशवंत फळ, नाशवंत भाज्या. ‘नाशवान’ नको, ते हिंदी वळण. आणि क्षणभंगुर दुसरीकडे कुठे लिहाल तेव्हा ‘गु’ ऱ्हस्वच, मधुर-चतुरसारखा. तत्सम शब्द आहे.

उत्तर (कराड): नाशवंत हा छापील शब्द आहे. बोलताना आपण जिन्नस बघून क्रियापद निवडतो: दूध नासतं, आमटी विटते, पालेभाजी सडते, पीठ आंबतं, शेंगदाणे खवट होतात. ‘भाजी नासली’ म्हटलं तरी कळतं, पण ‘आमटी सडली’ कुणी म्हणणार नाही. ही सगळी खराबी एका शब्दात मांडायची तर नाशवंतला पर्याय नाही.

उत्तर (मिरज): शब्द बरोबर आहे, पण गाडी भरणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही. खाली लिहा: ‘० ते १ अंश सेल्सिअसला ठेवा. उन्हात ठेवू नका. पाणी लागू देऊ नका.’ द्राक्ष तोडल्यावर पुढे पिकत नाही, तेव्हा ठेवून फायदा काहीच नाही. आधी देठ सुकून तपकिरी पडतो, मग मणी गळतात. गार पेटी एकदम गरम हवेत आणली की मण्यांवर पाणी सुटतं आणि तिथूनच बुरशी धरते. तापमानाची ओळ त्यासाठीच हवी.

बेदाण्यावर नाशवंत नको. त्यात ओलावा १५ टक्क्यांच्या आसपासच राहतो, म्हणून तो टिकतो. त्यावर ‘कोरड्या, गार जागी ठेवा’ पुरे. ओल लागली तर मात्र तो चिकट होतो, आंबतो. हिरवा रंग महिनोन्‌महिने हवा असेल तर शीतगृहच लागतं. बाहेर तो हळूहळू तपकिरी होत जातो.