रामानुजन शिकागोत राहिले, त्यात आपल्याला काय मिळालं?

बर्डीवाला:
भाचीला अमेरिकेतून भाषाशास्त्राच्या पीएचडीचं पत्र आलं. रविवारी तर्री-पोहे खाताना भाऊजी म्हणाले, "जाऊ दे, ए. के. रामानुजनही गेलेच होते ना." डोकंच फिरलं माझं. म्हैसूरचा कवी-अनुवादक, बेळगावात इंग्रजी शिकवायचा. १९५९ मध्ये अमेरिकेत गेला, १९६२ पासून शिकागो विद्यापीठात नोकरी, १९९३ मध्ये वारला तोही तिथंच. बसवण्णा, अक्कमहादेवीची वचनं, म्हणजे कन्नडमधल्या शिवभक्तीच्या कविता, इंग्रजीत नेली, १९७३ चं 'स्पीकिंग ऑफ शिव'. कोणासाठी? तिकडच्या पोरांसाठी. कन्नड माणसाला ती आधीच पाठ होती.

नंदनवनकर:
भाऊ, अर्धंच सांगून राहिले तुम्ही. 'होक्कुळल्ली हूविल्ला' हा कवितासंग्रह १९६९ चा, त्यानंतर आणखी दोन, शिवाय एक छोटी कादंबरी. सगळं कन्नडमध्ये, शिकागोत बसून. अनंतमूर्तींची 'संस्कार' ही कन्नड कादंबरी इंग्रजीत गेली तीही त्यांच्याच हातून.

बर्डीवाला:
कविता कुठूनही लिहिता येते हो. विद्यार्थी कोणाचे घडले ते सांगा. म्हैसूर-धारवाडचे की शिकागोचे?

वाचनवेडी:
एक प्रसंग सांगते, मग ठरवा. १९६२ मधला एक शनिवार. हा माणूस हार्पर लायब्ररीच्या तळघरात जुन्या तमिळचं व्याकरण शोधायला उतरला. तमिळ म्हणजे त्याची घरची भाषा! तिथं उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी संपादलेलं 'कुरुंतोगै' हाती लागलं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेमकविता. पाच वर्षांत त्यांतल्या निवडक कवितांचं पुस्तक इंग्रजीत आलं. आपली परंपरा जन्मानं मिळत नाही, कमवावी लागते, असं पुढे त्यांनीच लिहिलंय. घरच्या भाषेतलं पुस्तक शिकागोच्या तळघरात सापडावं, याचा दोष त्यांच्या माथी कशाला?

निवृत्त मास्तर:
शिकागो राहू द्या, रिद्धपूर पाहा. मोर्शी तालुक्यातलं, आपल्या शेजारचं. महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंचं तिथलं चरित्र इंग्रजीत कोणी नेलं? अ‍ॅन फेल्डहाऊस या अमेरिकन बाईंनी, १९८४ मध्ये. मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. महानुभावांचा धडा आला की दोन तासांत उरकायचो.

बर्डीवाला:
सर, हे माझ्याच बाजूचं झालं! बाई इकडे आल्या, मराठी शिकल्या. महानुभावांचंच 'स्मृतिस्थळ' तर शं. गो. तुळपुळ्यांसोबत इंग्रजीत केलं. म्हणजे काम इथंच होतं, माणूस इथंच पाहिजे.

नंदनवनकर:
मग रामायणांवरच्या रामानुजनच्या निबंधाचं काय? २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठानं अभ्यासक्रमातून काढला. माणूस जाऊन अठरा वर्षं झालेली, भांडण मात्र आपल्या घरात. परका असता तर कोण कशाला भांडलं असतं?

बर्डीवाला:
भांडणानं आपलेपणा ठरत असेल तर माझा बिल्डरही सख्खा भाऊ निघेल.

भाची:
मामा, धागा आईनं पाठवला. माझा विषय तुम्ही विचारलाच नाही. मी काम करणार आहे आपल्या नागपुरी बोलीतल्या 'करून राहिला', 'जाऊन राहिली' यांवर. पुण्यात याला अशुद्ध म्हणतात, तिकडच्या मॅडमनी पहिल्याच कॉलवर पाऊण तास यावरच खोदून विचारलं. डिसेंबरात रेकॉर्डिंगला येईन. तुमचा आवाज पाहिजे. तेवढं माइकसमोर पुणेरी बोलू नका.

बर्डीवाला:
कोण बोलून राहिलं पुणेरी?

भाची:
हेच. असंच.