शंका आणि जेकार्डची पत्ती

'खऱ्या लेखकाला शंका येत नाही, सुचलं की एकटाकी उतरतं' असं मत नेहमी ऐकू येतं, ते पटलं नाही. सोलापुरी चादर बघणाऱ्याला मोर दिसतो. आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढलेलं डिझाइन आणि जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्रणेच्या, भोकं पाडलेल्या पत्त्या दिसत नाहीत. वाचकाचंही तसंच, त्याला तयार कथा दिसते, मागची खोडाखोड नाही; त्यात त्याचा दोष नाही.

चुकलेलं भोक कागदावर कळत नाही, विणल्यावर कळतं, आणि नक्षी फिरून आली की तीच चूक पुन्हा. मग पत्ती बदलतात, माग मोडत नाहीत. लेखनात मात्र एक परिच्छेद फसला की लोक अख्खी कथा फाडतात!

'मला जमतच नाही' या शंकेचं काही करता येत नाही. 'तिसऱ्या पानावर आत्या अचानक का चिडते?' हिचं येतं. म्हणून खर्डा 10-15 दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे खूण करा, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. पहिला परिच्छेद झाकून पाहा. बहुतेकदा तो नुसता घसा खाकरणं असतो. मित्राला 'कशी वाटली?' विचारू नका, 'छान' म्हणेल. 'कुठे कंटाळलास?' विचारा. जुना खर्डा तारीख घालून ठेवाच, कारण सुधारताना चांगली वाक्यंही उडतात.